रिकाम्या जहाजाचा अ‍ॅव्हरेज

बदनापूरच्या रेल्वे स्टेशनापासून सात मिनिटांवर एक पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या वर दोन खोल्या आहेत आणि त्यातल्या रस्त्याकडच्या खोलीत बसून अंजू मालवाहू जहाजं तपासते.

हे ऐकून माणसं आधी हसतात. ती थट्टा करत नाहीये असं लक्षात आलं की विचारतात, "इथून दिसतात का?" या प्रश्नाला उत्तर देणं अंजूनं कधीच सोडून दिलंय. तिचं ऑफिस बेलापूरला. गणितात बीएस्सी करून ती तिथं लागली, दीड वर्ष एका खोलीत पाच जणींबरोबर राहिली आणि घरून काम करायची मुभा मिळाली त्याच आठवड्यात सामान बांधून परत आली. घरी आई कडूबाई आणि वडील राधाकिसन. मूळचे धावड्याचे. आजोबा मेंढरं राखायचे, वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली, आणि आता शेती बटाईनं लावून ते बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या वाफ्यांवर कामाला जातात.

अंजूचं काम समजायला अवघड नाही. जहाज कुठल्याही समुद्रात असो, त्याच्यावरून रोज दुपारी बारा वाजता एक रिपोर्ट निघतो. कालच्या बारापासून आजच्या बारापर्यंत किती मैल कापले, किती टन तेल जाळलं, पोटात माल किती, वारा कसा. वर्ष संपलं की हे सगळे रिपोर्ट अंजूसारख्या माणसांकडे येतात. जळलेल्या तेलावरून किती कार्बन हवेत गेला ते काढायचं, मग त्याला जहाजाच्या वजन पेलायच्या ताकदीनं आणि वर्षभरात कापलेल्या मैलांनी भागायचं. जो आकडा येतो तो ग्रॅममध्ये असतो. एक टन, एक मैल, इतके ग्रॅम. त्यावरून जहाजाला ग्रेड मिळते. ‘ए’ म्हणजे उत्तम, ‘ई’ म्हणजे मालकानं डोकं धरून बसावं अशी.

अंजूला हे काम आवडायचं. रिपोर्ट वाचता वाचता तिला जहाजांचे स्वभाव कळायला लागले होते. एकदा एका जहाजानं नांगर टाकलेला असताना दिवसभरात तीनशे मैल कापल्याचं लिहिलं होतं. तिनं ते पकडलं, आणि ऑफिसात तिचं नाव झालं.

या फेब्रुवारीत तिच्याकडे एका परदेशी मालकाची अकरा जहाजं आली. त्यातली दोन सख्ख्या बहिणींसारखी होती. एकाच कारखान्यात, एकाच वर्षी बांधलेली, मापानं सारखी. एकीचं नाव ‘इंग्रिड’, दुसरीचं ‘ग्रे हेरॉन’. इंग्रिडचा आकडा आला चार पूर्णांक तीन ग्रॅम, ग्रेड ‘बी’, यादीत दुसरा नंबर. ग्रे हेरॉनचा आला पाच पूर्णांक दोन, ग्रेड ‘डी’, यादीत सगळ्यात शेवटी. अंजूनं सोमवारी यादी पाठवून दिली.

बुधवारी ग्रे हेरॉनच्या चीफ इंजिनिअरची मेल आली. रॉबी डाबरे, राहणार वसई. "तुमचं नाव पाहून मराठीत लिहितोय," अशी सुरुवात होती. पुढं लिहिलं होतं, "आमचं आणि इंग्रिडचं इंजिन एकच. मी स्वतः सहा महिने इंग्रिडवर काढलेत, तिची खोड न् खोड मला माहीत आहे. तिच्यापेक्षा आम्ही एवढे मागे कसे, ते मला सापडत नाही. मालकाच्या ऑफिसातून विचारणा झाली आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. आमचं कुठं चुकतंय ते कळलं तर सुधारता येईल."

अंजूनं ग्रे हेरॉनचं वर्ष पुन्हा उघडलं. मैल बरोबर, तेल बरोबर, भागाकार बरोबर. मग तिनं ऑफिसचं ठरलेलं वाक्य पाठवलं: "आपले आकडे पुन्हा तपासले असून ते बरोबर आहेत." आणि ती जेवायला उठली.

शनिवारी दुपारी गोरक्षनाथकाका आले. राधाकिसनचे धाकटे भाऊ. गेली बावीस वर्षं ट्रक चालवतात, सध्या परतूरच्या कारभारीशेठकडे. कापसाच्या गठाणी भरून बंदराला जायचं आणि यायचं. हरभऱ्याच्या डहाळ्यांचा एक मोठा भारा त्यांनी दारात टाकला आणि चहाची वाट न बघता सरळ अंजूच्या खोलीत येऊन बसले.

"अंजे, तुझं कम्प्युटर चालू हाय का? मला एक हिशेब करून दे. बिलकुल बराबर पाह्यजे."

"काय झालं काका?"

"इज्जत गेली, दुसरं काय व्हनार!"

झालं होतं ते असं. कारभारीशेठकडे सहा ट्रक. ज्याचा वर्षभराचा अ‍ॅव्हरेज सगळ्यात चांगला, त्या ड्रायव्हरला शेठ दरसाल काहीतरी बक्षीस द्यायचे. यंदा पाच लिटरचा कुकर होता. तो वसंताला मिळाला. लिटरला चार पूर्णांक एक किलोमीटर. काकांचा अ‍ॅव्हरेज तीन पूर्णांक चार, सहा जणांत सगळ्यात कमी.

"कुकरचं मला काय न्हाई," काका म्हणाले. "पन शेठ सगळ्यायच्या समोर बोलले का, गोरक्षनाथ तेल लई खातो. खातो म्हन्ले! जसं काय मी पोळीसंगं खातो."

"तुमची गाडी जुनी असेल."

"दोघायच्या गाड्या एकाच दिवशी आल्यात. नंबर बी पुढं-मागं. फरक एवढाच हाय, वसंता गठाणी टाकून खाली गाडी घेऊन परत येतो. मी येतानी जालन्याच्या कारखान्यासाठी भंगार भरून आनतो. जातानी वीस टन, येतानी वीस टन. आता तूच सांग, खाली गाडी पळंल न्हाई तर काय करंल?"

अंजूनं कागद ओढला. या गोष्टीला कम्प्युटर लागणार नव्हता. जाणं-येणं आठशे वीस किलोमीटर. वसंताला तेल लागलं दोनशे लिटर, काकांना दोनशे एक्केचाळीस. पण काकांनी माल दोनदा वाहिला. तेवढाच माल न्यायला वसंताला दोन खेपा कराव्या लागल्या असत्या, म्हणजे चारशे लिटर. तिनं रकाने आखून ते नीट मांडलं आणि वाचून दाखवलं.

काका जाग्यावरून उठलेच. "हे छापून दे. न्हाई, तू माझ्याबरोबर चल. मी सांगितलं तर शेठ हसतील. तू शिकलेली हायेस, जहाजं मोजतीस. तुझं ऐकतील."

कडूबाई आतून म्हणाली, "जा गं. तेवढंच फिरनं हुईल. दिवसभर त्या खुर्चीतच असतीस."

रविवारी सकाळी काका-पुतणी गाडीनं परतूरला गेले. कारभारीशेठचं ऑफिस कापसाच्या मोंढ्याजवळ होतं. शेठ साठीचे, सडपातळ, बोलायला सावकाश. त्यांनी दोघांना बसवलं, चहा सांगितला, चष्मा पुसून कागद हातात घेतला. अंजूनं समजावून सांगायला सुरुवात केली. ती जोरात होती. गाडी किती पळाली एवढंच बघून चालत नाही, ती काय घेऊन पळाली तेही बघावं लागतं. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी एकाच काट्यावर तोलली तर रिकामी जिंकणारच, आणि मग उद्या सगळेच ड्रायव्हर रिटर्न भाडं नको म्हणतील.

शेठनी कागद दोनदा वाचला.

"हिशेब पटला," ते म्हणाले. काकांनी मांडीवर थाप मारली. "आता एक विचारू का म्याडम? गोरक्षनाथ सांगत व्हता, तुमी समुद्रातली जहाजं मोजता. तेल कोन किती जाळतं ते."

"हो."

"तिकडं बी असंच करता का? म्हंजी माल किती नेला ते बघता?"

"हो, म्हणजे एक टन माल एक मैल न्यायला किती..." अंजू बोलता बोलता थांबली.

चार वर्षं ती हे वाक्य बोलत आली होती. पण भागाकारातला तो टन मालाचा नव्हताच. तो जहाजाच्या ताकदीचा होता. अठ्ठावन्न हजार टन पेलणारं जहाज आत काहीही नसताना निघालं, तरी त्याच्या नावावर अठ्ठावन्न हजारच धरायचे.

"काय झालं?" शेठनी विचारलं.

"नाही बघत," अंजू म्हणाली. "जहाज किती नेऊ शकतं ते धरतो. नेलं किती ते नाही."

"मंग खाली जहाज?"

"खाली जहाजसुद्धा भरलेलंच धरलं जातं."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तीच कुकर घेऊन पळाली होती. कारभारीशेठ मात्र मनापासून हसले. त्या हसण्यात टोमणा नव्हता. "मंग माझं काय चुकलं? तुमच्याकडं एवढे मोठाले लोक बसले हायेत. मी तर परतूरचा मानूस."

परतीच्या गाडीत काका एकटेच बोलत होते. शेठ मानले, पुढल्या वर्षी बघतो म्हणाले, चहा बी चांगला पाजला. अंजू खिडकीतून बाहेर बघत होती. तिला सूत्र ठाऊक नव्हतं असं नाही. ऑफिसात हे काम शिकवताना तिचे वरिष्ठ नेरूरकर सरांनी हेही सांगितलं होतं की या पद्धतीची एक मर्यादा आहे. तिनं ते वहीत उतरवलं होतं आणि परीक्षेत लिहून दोन गुणही मिळवले होते. पण दोन बहिणी शेजारी ठेवून ती मर्यादा कुणाच्या मानेवर बसते हे तिनं कधी बघितलं नव्हतं. आणि डाबऱ्यांनी तर तेच विचारलं होतं. किती सरळ विचारलं होतं! त्याला आपण एका ओळीत वाटेला लावलं, या विचारानं तिचे कान तापले.

घरी आल्या आल्या तिनं दोन्ही जहाजांचे रिपोर्ट उघडले आणि आजवर जो रकाना ती नुसता ओलांडून जायची, तो मालाचा रकाना वाचत गेली.

इंग्रिड वर्षभर एकच काम करत होती. एका बंदरातून खनिज भरायचं, दुसऱ्या बंदरात ओतायचं आणि रिकामं परत यायचं. साठ हजार मैलांपैकी तीस हजार मैल ती मोकळ्या पोटानं फिरली होती. ग्रे हेरॉन मात्र जाताना गहू, येताना खत, मधेच लोखंडी पत्रे, असं मिळेल ते घेऊन हिंडत होती. तिच्या शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी मैलांना पोटात माल होता. अंजूनं खऱ्या मालानं भागून पाहिलं. इंग्रिड, नऊ पूर्णांक एक ग्रॅम. ग्रे हेरॉन, सहा पूर्णांक दोन.

तिनं तीनदा केलं. तीनदा तेच आलं.

आणखी एक गोष्ट सापडली. ग्रे हेरॉन वर्षात एकाहत्तर दिवस निरनिराळ्या बंदरांबाहेर नांगर टाकून उभी होती, आपला नंबर यायची वाट बघत. उभ्या जहाजालाही दिवे लागतात, पंप लागतात, जाड तेल गरम ठेवावं लागतं. रोजचं चार टन तेल जळतच होतं आणि मैल मात्र शून्य. ते तेल बाजूला काढलं तर तिची ग्रेड ‘सी’ होत होती.

सोमवारी सकाळी तिनं नेरूरकर सरांना व्हिडिओवर गाठलं. सर मालवणचे, पंचवीस वर्षं जहाजांवर काढून ऑफिसात आलेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अंजू, यात नवीन काय आहे?"

"नवीन काही नाही सर. पण आपण त्यांना यादी दिली. पहिला, दुसरा, अकरावा. नियमात ग्रेड द्यायची आहे, नंबर लावायला कुणी सांगितलं नव्हतं. तो आपण लावला."

"मालकाला सोयीचं पडतं म्हणून लावतो."

"आणि त्या माणसाला जाब विचारला जातोय."

सर म्हणाले, "ग्रेड बदलणार नाही. ‘डी’ ती ‘डी’च. नियम नियम आहे."

"बदलू नका. फक्त एक पान जोडू द्या. प्रत्यक्ष मालावरचा आकडा आणि थांबण्याचे दिवस."

"एकच पान. आणि मालाची वजनं कागदपत्रांवरून घ्यायची, अंदाजानं नाही. चुकलं तर तुझ्या नावावर."

वजनं हवी होती ती डाबऱ्यांकडूनच. अंजूनं मेल लिहायला घेतली आणि पहिल्या ओळीवरच अर्धा तास गेला. शेवटी तिनं लिहिलं, "तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं, त्याबद्दल माफ करा. आता शोधते आहे." खाली स्वतःचा मोबाइल नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन वाजला तेव्हा अंजू खाली गिरणीत ज्वारी दळायला टाकत होती. फोन कडूबाईनं उचलला.

"हॅलो, कोन?"

"मी डाबरे. जहाजावरून बोलतोय."

कडूबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "अंजू खाली गेली दळनाला. येईल आत्ता. तुमी बसा."

"बसलोय मावशी."

"समुद्रातच हाव का?"

"हो, श्रीलंकेच्या खाली."

"पानी लई असंल."

"आहे बऱ्यापैकी."

"जेवले का मंग?"

"आत्ताच. अंडाकरी होती."

"अन् भाजीपाला भेटतो का तिकडं?"

"बंदर सोडलं की दोन आठवडे मिळतो. मग कोबी. मग परत कोबी."

कडूबाईला हे फार लागलं. बाहेर दारात हरभऱ्याचे डहाळे पडले होते आणि इकडं एक कर्ता माणूस कोबी खात होता. ती म्हणाली, "आमच्या पोरीनं तुमाला मार्क कमी देल्ते म्हने."

पलीकडून हसल्याचा आवाज आला.

"हसू नका. तिला लई वाईट वाटून राह्यलंय. परवापासून धड जेवली न्हाई. तुमी तिला कायतरी बोला."

अंजू पिठाचा डबा घेऊन वर आली तेव्हा आई फोन स्पीकरवर टाकून डाबऱ्यांना मेथी वाळवून कशी ठेवायची ते सांगत होती. अंजूनं डबा तसाच खाली ठेवला, फोन घेतला आणि एका दमात माफी मागून टाकली.

"अहो, चुकलं काही नाही," डाबरे म्हणाले. "तुम्हाला जे तपासायला सांगितलं ते तुम्ही तपासलंत. मी गेला आठवडाभर इंजिनात दोष शोधतोय. दोन पंप उघडून पुन्हा बसवले. माझी माणसं वैतागलीत."

"दोष इंजिनात नाही."

"मग कशात?"

तिनं सांगितलं.

"एकाहत्तर दिवस," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं की खूप आहेत, मोजले नव्हते. ऑफिसातून सांगतात, फुल स्पीडनं निघा, अमुक तारखेला पोचा. आम्ही तेल जाळत धावत पोचतो. तिथं गेल्यावर कळतं, नंबर तीन आठवड्यांनी आहे. ते कागदावर येईल का?"

"येईल," अंजू म्हणाली.

त्यांनी मालाची सगळी कागदपत्रं पाठवली. अंजूनं तीन दिवस बसून पान तयार केलं आणि नेरूरकर सरांना दिलं. सरांनी तासाभरात ते परत पाठवलं, लाल रंगात एक गोल काढून. एका फेरीत तिनं बावीस हजार टन माल धरला होता, तो माल नव्हताच. रिकाम्या जहाजाला समुद्रात स्थिर राहायला पोटात पाणी भरून घ्यावं लागतं, ते पाणी तिनं मालात मोजलं होतं. ती चरफडली, स्वतःवरच. आकडा सहा पूर्णांक दोनचा सहा पूर्णांक तीन झाला. सरांनी खाली लिहिलं होतं, "आता जाऊ दे."

दहा दिवस काहीच झालं नाही. अकराव्या दिवशी मालकाच्या ऑफिसातून मेल आली. ग्रे हेरॉन ‘डी’च राहील हे त्यांना मान्य होतं. डाबऱ्यांची विचारणा मागं घेतली होती. आणि हे जास्तीचं पान त्यांना अकराही जहाजांचं हवं होतं.

अंजूनं ते केलं. यादी उलटीपालटी झाली. ग्रे हेरॉन शेवटून उठून तिसरी आली, इंग्रिड दुसऱ्यावरून दहावी गेली. थांबण्याचे दिवस बघून मालकाच्या माणसांनी ठरवलं की बंदरात नंबर कधी आहे ते आधी विचारायचं आणि त्या बेतानं जहाज सावकाश हाकायचं. डाबऱ्यांनी कडूबाईच्या नावानं एक फोटो पाठवला. इंजिनरूमच्या गरम पाइपावर वर्तमानपत्र पसरून मेथी वाळत घातली होती.

गोरक्षनाथकाकांचंही बरं झालं. कारभारीशेठनी ड्रायव्हरांच्या नोंदवहीत भरलेल्या किलोमीटरचा वेगळा रकाना आखला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गोरक्षनाथ तेल बराबर खातो." काकांनी हे वाक्य धावड्यापर्यंत पोचवलं.

एवढ्यावर सगळं आटोपलं असं अंजूला वाटलं. तेवढ्यात इंग्रिडच्या चीफ इंजिनिअरचं पत्र आलं. रेनाल्डो नाव, फिलिपीन्सचा माणूस, इंग्रजी तुटक पण राग अगदी स्पष्ट. "मॅडम," त्यानं लिहिलं होतं, "खनिज जिथं लागतं तिथं मी ते नेतो. तिथून परत आणायला कुणाकडे काहीच नसतं. मी काय किनाऱ्यावरची वाळू भरू? जहाज रिकामं पाठवायचं की भरलेलं, हे मी ठरवतो का? महिन्यापूर्वी तुम्हीच मला दुसरा नंबर दिला होता. माझ्या माणसांनी केक कापला. आता दहावा. आम्ही काय केलं?"

अंजूनं पत्र वाचलं आणि खुर्चीत मागं टेकली. ऑफिसकडे याचं तयार वाक्य होतं. यावेळी तिनं ते वापरलं नाही. डाबऱ्यांवर झालेला अन्याय दूर करताना तिनं तोच, जसाच्या तसा, उचलून दुसऱ्याच्या अंगावर घातला होता.

त्या संध्याकाळी काका आले होते. तिनं त्यांना विचारलं, "वसंता काय म्हणतो हो आता?"

काका जरा चुळबुळले. "बोलत न्हाई माझ्यासंगं. त्याचं बी बराबरच हाय. त्याला रिटर्न भाडं कोन देतं? मोठ्या कारखान्याचं भंगार शेठ मलाच देतात, मी जुना म्हनून. त्यानं मागितलं तरी भेटत न्हाई."

"मग तुम्ही शेठला हे सांगितलं का?"

"म्या कशाला सांगू?" काका म्हणाले, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, "बरं, सांगतो. उद्या सांगतो."

अंजू पुन्हा कामाला बसली. या खेपेला तिनं एका आकड्याचे दोन भाग पाडले. इंजिनरूमच्या हातात काय आहे: ठरलेल्या वेगाला, ठरलेल्या वजनाला जहाज किती तेल घेतं. आणि ऑफिसच्या हातात काय आहे: किती मैल रिकामं पाठवलं, किती दिवस उभं ठेवलं. पहिल्या भागात इंग्रिड खरोखरच दुसरी होती आणि ग्रे हेरॉन तिच्या पाठोपाठ. दुसऱ्या भागात नावं इंजिनिअरांची नव्हतीच. तिथं जाब द्यायचा तो मालकाच्या ऑफिसानं. नंबर लावायचं तिनं बंद केलं. नेरूरकर सर म्हणाले, "एक पान सांगितलं होतं, हे दीड झालं." पण त्यांनी ते जाऊ दिलं.

रेनाल्डोला तिनं लिहिलं, "तुमच्या माणसांनी कापलेला केक बरोबर होता. दहावा नंबर माझी चूक होती." त्याचं उत्तर आलं नाही. समुद्रावरच्या माणसाला कामं असतात, असं तिनं स्वतःला समजावलं.

एप्रिलच्या मध्यावर, ऊन चांगलंच तापलं असताना, एका दुपारी वीज गेली. गिरणीही थांबली. त्या शांततेत अंजूच्या फोनवर मेल वाजली. रेनाल्डो.

"मॅडम, मालकानं परतीचा माल शोधला. यावेळी येताना पन्नास हजार टन खत आहे. माझी माणसं म्हणतात, इतक्या महिन्यांनी जहाज परतताना उड्या मारत नाहीये, झोप चांगली लागते. पण पोट भरलेलं म्हणून तेल जास्त जातं. मी हिशेब केला. असंच चाललं तर वर्षअखेर माझी ग्रेड ‘बी’ची ‘सी’ होईल. तुम्ही सांगा, मी आनंद करू की काळजी?"

अंजू मोठ्यानं हसली. कडूबाई आतून पदरानं वारा घेत आली. "काय झालं गं?"

"एका माणसाचे मार्क कमी होणार आहेत, आई. काम चांगलं केलं म्हणून."

"मंग तू काय सांगनार त्याला?"

"आनंद कर म्हणून."

"अन् मार्क?"

अंजूनं लॅपटॉप उघडला. बॅटरी चाळीस टक्के होती, तेवढ्यात झालं असतं. तिनं रेनाल्डोच्या नव्या फेरीचे रिपोर्ट मागवले, मालाच्या वजनांसकट. उत्तर नुसत्या शब्दांत द्यायचं नाही, दोन्ही आकडे शेजारी मांडूनच पाठवायचं, असं तिनं ठरवलं. मग पहिली ओळ लिहिली: "आनंद करा. का, ते खाली दाखवते."